नागपंचमीची लेक, महाराष्ट्राची माय

श्रावण शुद्ध पंचमी उजाडली की महाराष्ट्रातील शेतकरी नांगराला हात लावीत नाही. त्या दिवशी जमीन खणावयाची नाही, असा दंडक आहे. घरातही विळीवर भाजी चिरीत नाहीत, चुलीवर तवा ठेवीत नाहीत, कढईत तळण काढीत नाहीत. नैवेद्याला वाफेवर शिजवलेली पुरणाची दिंडे असतात. पाटावर चंदनाने किंवा भिंतीवर गेरूने नागाची आकृती काढावी, तिला दूध-लाह्या, दूर्वा, आघाडा वाहावा आणि हात जोडावेत, एवढाच विधी. वर्षभर नांगराचा फाळ सोसणारी जमीन आणि वर्षभर तव्याचे चटके सोसणारी गृहिणी या दोघींनाही हा एक दिवस विसाव्याचा असतो.

पण या सणाचे खरे सुख पूजेच्या पाटावर संपत नाही. आदल्या दिवशी भावासाठी उपवास, हातावर मेंदी, मनगटात नव्या बांगड्या, झाडाच्या फांदीला बांधलेला झोका, फेर आणि फुगड्या यांनी पंचमी सजते. सासुरवाशीण मुली भावाच्या वाटेकडे डोळे लावून बसतात, कारण पंचमी हा माहेराचा सण आहे.

या दिवशी सांगावयाची कहाणीही माहेराचीच आहे. एका शेतकऱ्याच्या नांगराखाली नागिणीची पिले मेली. संतापलेल्या नागिणीने शेतकरी, त्याची बायको, मुले अशा साऱ्यांना दंश केला. एक लेक परगावी दिलेली होती. तिलाही दंश करावा म्हणून नागीण तिच्या घरी गेली, तो काय पाहाते? त्या मुलीने पाटावर चंदनाचे नाग काढून त्यांची पूजा मांडली आहे, दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविला आहे आणि डोळे मिटून ती प्रार्थना करीत आहे. नागीण तृप्त झाली आणि तिचा राग मावळला. झालेली हकीकत ऐकून मुलगी कळवळली. तिने माहेरच्यांना जीवदान मागितले. नागिणीने तिला अमृत दिले आणि ते घर पुन्हा उठून बसले.

कहाणी लहान आहे. पण तिच्यात घर वाचविते कोण, हे पाहाण्यासारखे आहे. जिला आपण परक्या घरचे धन म्हणून निरोप देतो, तीच लेक माहेराला जीव देते.

अशीच एक लेक १८८० सालच्या नागपंचमीला खानदेशात जन्माला आली. तिला अक्षरओळख नव्हती. तिच्या हातून एक ओळही कधी कागदावर उतरली नाही. आणि तरीही आज महाराष्ट्रातील क्वचितच असे घर असेल, की जेथे तिचे एखादे गाणे कुणाच्या ना कुणाच्या ओठांवर नाही. ही लेक म्हणजे बहिणाबाई चौधरी. पंचमीच्या दिवशी त्यांचे स्मरण करावयाचे ते केवळ जन्मतिथीमुळे नव्हे. घरातील एका कर्त्या बाईचे देणे किती मोठे असू शकते आणि ते किती सहज हरवू शकते, हे त्यांच्या आयुष्याइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसते.

असोदे ते जळगाव

बहिणाबाई या नावामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. तुकोबारायांना गुरू मानणाऱ्या आणि अभंगांतून आत्मकथन करणाऱ्या संत बहिणाबाई सतराव्या शतकातल्या. ज्यांच्याविषयी आपण बोलत आहोत, त्या विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जळगावात नांदत्या होत्या. त्यांनी मठ स्थापिला नाही की शिष्य केले नाहीत. त्या शेतकरी घरातल्या गृहिणी होत्या.

जळगावपासून जवळच असलेले असोदे हे त्यांचे माहेर. वडील उखाजी महाजन, आई भिमाई. घमा, गना आणि घना हे तीन भाऊ; अहिल्या, सीता आणि तुळसा या तीन बहिणी. सात भावंडांचे हे भरले घर सोडून वयाच्या तेराव्या वर्षी त्या जळगावच्या खंडेराव चौधरी यांच्या घरी त्यांचे चिरंजीव नथूजी यांची पत्नी म्हणून आल्या. असोदे आणि जळगाव यांमधले अंतर ते काय! बैलगाडी जुंपली तर सकाळी निघून न्याहारीच्या वेळेला पोहोचावे. परंतु सासर आणि माहेर यांमधले अंतर कोसांनी मोजावयाचे नसते. माहेरच्या वाटेवर बहिणाबाईंनी गाणे रचले आहे. त्या वाटेवर लागणाऱ्या ठेचांचेही त्यांना कौतुक आहे; त्या ठेचाही आपल्या वाटतात.

देशावर जे स्थान पंचमीला, ते खानदेशात विशेषेकरून अक्षय्यतृतीयेला, म्हणजे तेथल्या आखाजीला आहे. आखाजीला लेकी माहेरी येतात, गौराईची गाणी म्हणतात, झाडाला झोके बांधतात. बहिणाबाईंच्या गाण्यांत ही आखाजी आहे, गुढीपाडवा आहे आणि बैलांचा पोळाही आहे. त्या पोळ्याला ‘पोया’ म्हणत. कारण त्यांच्या बोलीत ‘ळ’चा उच्चार ‘य’ होतो. लेवा पाटीदारांची ही गणबोली. खानदेशी आणि वऱ्हाडी या दोहोंच्या शेजाराने तिला एक निराळाच गोडवा आला आहे. ग्रंथांच्या मराठीने ज्या शब्दांना उंबऱ्याबाहेर ठेवले होते, तेच शब्द पुढे या माउलीने मराठी सारस्वताच्या देवघरात नेऊन ठेविले.

कपाळ आणि मनगट

त्यांचा संसार मात्र सुखाने पार पडला नाही. काशी ही कन्या आणि ओंकार व सोपान हे दोन पुत्र पदरात असताना, तिशीच्या सुमारास बहिणाबाईंना वैधव्य आले. तो काळ प्लेगचा होता. १८९६ साली मुंबईत शिरलेली ही साथ पुढे कित्येक वर्षे गावोगाव फिरत राहिली. थोरल्या ओंकाराला प्लेगने गाठले. जीव वाचला, पण कायमचे अपंगत्व आले. धाकटा सोपान १९०७ सालचा. म्हणजे वडील गेले तेव्हा तो अगदीच अजाण होता.

त्या काळी विधवा स्त्रीच्या वाट्याला काय येई, हे सांगावयास नकोच. सणावारी हळदीकुंकवाच्या करंड्यापासून तिने दूर बसावयाचे. मेंदी तिच्यासाठी नव्हे आणि बांगड्याही तिच्यासाठी नव्हेत. ज्या पंचमीला तिचा जन्म झाला, त्याच पंचमीचे सारे शृंगार तिला वर्ज्य. शेताची कामे मात्र वर्ज्य नव्हती. ती दुप्पट झाली.

या आघातावर बहिणाबाईंनी जे गाणे रचले, ते मराठीतील अत्यंत धीराचे गाणे आहे. कुंकू पुसले गेले, बांगड्या गेल्या, गळ्यातले सूत्र तुटले, हे सारे त्या सांगतात. पण मनगटातले बळ कुणी नेले नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगतात. देवाकडे मागणे काय, तर आपली दोन मुले सुखी असावीत. दुसऱ्या एका गाण्यात दारी आलेल्या ज्योतिषाला त्या परत पाठवितात. आपला हात पाहू नये, आपले दैव आपल्याला ठाऊक आहे, असे त्या त्याला बजावतात. ज्या बाईच्या हातावरच्या रेषांनी तिला दगा दिला, तिने त्याच हाताने खुरपे धरले, जात्याचा खुंटा धरला आणि तीन मुले वाढविली. तिला रेषा वाचून दाखविणाऱ्याची गरज ती काय?

बहिणाबाई नास्तिक नव्हत्या; त्यांच्या गाण्यांतून देव पदोपदी भेटतो. मातीत पडलेले बी फुगते, तडकते आणि त्यातून हिरवा कोंब वर येतो, यात त्यांना देवाची जादूगिरी दिसते. परंतु हा देव शेताच्या बांधावर भेटणारा आहे. त्याच्याशी त्या भांडतात, थट्टा करतात, प्रसंगी त्याला जाबही विचारतात. घरच्या वडीलधाऱ्या माणसाशी बोलावे, तसे हे बोलणे आहे.

जाते, चूल आणि खळे

ही गाणी जन्माला येत ती कामाच्या संगतीने. पहाटे, घर झोपेत असताना, बाई जात्यावर बसे. एका हाताने खुंटा धरून जाते फिरवावयाचे आणि दुसऱ्या हाताने मूठमूठ वैरण घालावयाची. जात्याच्या घरघरीला आपसूकच एक लय असते आणि त्या लयीवर ओवी ठरते. हजारो वर्षे नसली तरी कित्येक शतके मराठी बाईने आपले मन मोकळे केले ते या दगडाजवळ. ज्ञानदेवांनी भगवद्गीतेचा अर्थ मराठीत आणला तो ओवीतूनच. बहिणाबाईंनी जात्याला त्यांच्या बोलीतल्या ‘घरोट’ या नावाने गाणे वाहिले आहे.

जात्यावरून उठले की चूल, आणि चुलीपासून शेत. बहिणाबाईंच्या गाण्यांचा क्रम लावून पाहिला तर शेतीचे अवघे वर्ष डोळ्यांपुढून सरकते. पहिल्या पावसाचा मृद्गंध, पेरणी, कोंब फुटणे, विहिरीवरची मोट, कापणी, खळ्यावरची मळणी आणि शेवटी उपणणी. उपणणीचे काम वाऱ्यावर अवलंबून. तिवईवर उभे राहून पाटीतील धान्य हळूहळू खाली सोडावयाचे. वारा असेल तर भुसा उडून जातो आणि दाणा पायाशी पडतो. वारा पडला की सारे ठप्प. अशा वेळी बहिणाबाई वाऱ्याची विनवणी करतात, रुसलेल्या लेकराला समजवावे तशी.

त्यांच्या उपमा कोठून आल्या, हे यावरून कळावे. मनाला त्यांनी उपमा दिली ती हाकलले तरी पुन्हा हिरव्या शेतात घुसणाऱ्या मोकाट गुराची. संसार त्यांना आठवला तो चुलीवरच्या तापल्या तव्यासारखा, ज्याचा चटका सोसल्याखेरीज भाकरी पानात पडत नाही. वेदान्ताच्या मोठ्या ग्रंथांनी मनाच्या चंचलतेवर पुष्कळ लिहिले आहे. पण गुराच्या मागे काठी घेऊन धावलेल्या बाईचा तो एक दृष्टान्त कोणत्याही शेतकऱ्याला एका क्षणात पटतो.

त्यांची प्रतिभा किती सावध होती, याची एक आठवण सांगतात. सोपान शाळेत जात असता त्याच्या पाठ्यपुस्तकात सावित्री-सत्यवानाची गोष्ट होती. ती त्याने घरी वाचून दाखविली. आईने ऐकून घेतली आणि ती आपल्या कामाला लागली. सकाळ झाली तेव्हा त्या कथेवर गाणे तयार होते! पुस्तक मुलाचे, कथा पुराणातली आणि शब्द आईचे. लिहिता-वाचता न येणारी एक विधवा स्त्री, यमाच्या पाठोपाठ जाऊन पती परत आणणाऱ्या सावित्रीचे गाणे रचते, तेव्हा तिच्या मनात काय चालले असेल, याची कल्पनाच करावी.

देणाऱ्या हाताची कसोटी

बहिणाबाईंचे औदार्य म्हणजे काय? त्यांच्यापाशी वाटण्यासाठी धन नव्हते. एका साध्या शेतकरी घरातील विधवा ती, देणार काय? तरीही त्यांच्या गाण्यांत देण्याइतका दुसरा कोणताही विषय वारंवार येत नाही. त्यांच्या एका गाण्यात जगातील वस्तूंना त्यांची नावे शोभतात की नाही, याची परीक्षा आहे. दानाची वेळ आली असता जो मागे सरतो, तो त्यांच्या लेखी हात या नावाला पात्र नाही. उपाशी पोटी माणसाला झोपायला लावणाऱ्या रात्रीला रात्र म्हणावयास त्या तयार नाहीत. धर्मशास्त्राने दानाचे प्रकार सांगितले, पात्र-अपात्र ठरविले, काळवेळ नेमली. या अक्षरशत्रू बाईने त्याचे सारे सार एका हातात आणून ठेविले: हात दिला आहे तो देण्यासाठी.

माणसाच्या कृतघ्नतेवरही त्यांनी बोट ठेविले आहे. मूठभर चाऱ्यावर गाय दूध देते, मूठभर बियाण्यावर जमीन खळे भरून देते; आणि माणूस? घेऊनही त्याचे मन भरत नाही. हा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज चढत नाही. आपल्याच लेकराला समोर बसवून विचारावे, तसा तो प्रश्न येतो आणि म्हणूनच तो अधिक लागतो.

परंतु या औदार्याचे सर्वांत उंच टोक दिसते ते योगी आणि सासुरवाशीण यांच्या संवादात. सासुरवाशीण माहेराची थोरवी गात असते. ती ऐकून योगी विचारतो, माहेर जर इतके गोड, तर मग तू सासरी का राहातेस? प्रश्न बिनतोड वाटतो. संसार सोडलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे आणि संसारात बुडालेल्या बाईपाशी त्याचे उत्तर आहे. तिच्या उत्तराचा भाव असा, की आपल्या लेकीला माहेर मिळावे म्हणून आईने सासरी पाय रोवून उभे राहावयाचे असते.

पंचमीच्या सणाचे सारे मर्म या उत्तरात सामावले आहे. माहेर आपोआप होत नाही. विटा-मातीचे घर माहेर होत नसते. कुणीतरी एक बाई तेथे ठाम उभी असते, ती ते माहेर करते. लेक पंचमीला येते, झोक्यावर बसते, आयते जेवते. कारण तिची आई त्या दिवशी कुठेही गेलेली नसते. त्या आईच्या आईनेही तेच केलेले असते. एका बाईने सोसावयाचे आणि दुसरीने विसावयाचे. मग दुसरीची पाळी यावयाची. या साखळीवर आपली घरे उभी आहेत. योग्याने एकट्याचा मोक्ष साधला असेल. या बाईने एक घर साधले.

सुगरणीचा खोपा

सुगरण पक्ष्याच्या घरट्यावरचे बहिणाबाईंचे गाणे तर शाळकरी मुलांनाही पाठ असते. झाडाला टांगलेला तो विणीचा खोपा, एवढीशी चोच आणि तिची ती कारागिरी. दोन हात आणि दहा बोटे असलेल्या माणसाने ते पाहून मान खाली घालावी, असा त्या गाण्याचा रोख. खोपा बांधावयाचा तो पिलांसाठी, ही त्यातली मायेची गाठ.

पक्षिशास्त्राचे जाणकार येथे थोडे हसतील. डॉ. सालिम अली यांनी १९३०च्या सुमारास अलिबागेजवळच्या किहीम येथे सुगरणीच्या वसाहतीचे बारकाईने निरीक्षण केले. त्यात स्पष्ट झाले की खोपा विणतो तो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन पाहाते. पसंत पडला तर आत राहावयास येते आणि आतली मऊ बैठक ती घालते. मादीचे बस्तान बसले की नर दुसरा खोपा विणावयास घेतो! मग बहिणाबाईंचे निरीक्षण चुकले काय? शास्त्राच्या दृष्टीने, होय. पण त्या गाण्यातली सुगरण ही जळगावच्या चौधरी वाड्यातली आहे. ज्या घरातील पुरुष निघून गेला आणि खोपा एकटीने पुरा करावा लागला, त्या घरातील आईने त्या झाडाकडे पाहिले, तेव्हा तिला तेथे आईच दिसली.

ऐकणारा मुलगा

बहिणाबाईंनी गाणी रचली ती कुणी लिहून ठेवावीत म्हणून नव्हेत. दळण संपले की ओवी संपली; पीठ डब्यात गेले, गाणे हवेत गेले. पीठ घरच्यांच्या पोटात जाई, त्याचा कुणी हिशेब मागत नाही. गाण्याचाही त्यांनी मागितला नाही. अशा स्थितीत ही गाणी आपल्यापर्यंत पोहोचली ती दोघांमुळे. पुत्र सोपानदेव, जे स्वतः पुढे कवी म्हणून नावारूपाला आले, आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी. या दोघांनी वेळोवेळी ही गाणी उतरवून घेतली. जी उतरवली गेली ती उरली. जी पहाटेच्या घरघरीत विरली, ती कायमचीच गेली.

३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाईंनी जळगाव येथे देह ठेविला. तोवर जळगावबाहेरच्या महाराष्ट्राला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. सोपानदेवांनी आईच्या गाण्यांचे बाड आचार्य अत्र्यांना दाखविले. अत्र्यांसारखा रोखठोक टीकाकार. नाटक, काव्य, विडंबन, वृत्तपत्र अशा सर्व प्रांतांत वावरलेला. त्यांनी ती गाणी वाचली आणि ते भारावून गेले. हे अस्सल सोने आहे, ते महाराष्ट्रापुढे आलेच पाहिजे, असा त्यांनी आग्रह धरला. १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक अत्र्यांच्या प्रस्तावनेसह निघाले. कवयित्रीला जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. स्वतःचे पुस्तक हातात धरण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. लाभते तरी ते त्यांना वाचता आले नसते. पण मला वाटते, त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले असते आणि देवघरात ठेविले असते.

पुढचा प्रवास सर्वपरिचित आहे. १९६१ सालच्या ‘मानिनी’ या चित्रपटाने त्यांची गाणी गावोगावच्या पडद्यावर आणि तेथून नभोवाणीवर नेली. १९६९ साली संग्रहाची दुसरी आवृत्ती आली. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत त्यांच्या कविता आल्या. जळगावच्या चौधरी वाड्यात त्यांच्या वापरातील वस्तू जपणारे स्मृतिसंग्रहालय उभे राहिले. आणि २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. जिने शाळेची पायरी चढली नाही, तिचे नाव आज हजारो पदवीपत्रांवर उमटते. त्यातल्या कित्येक पदव्या त्याच परिसरातील शेतकऱ्यांच्या मुलींच्या हाती जातात. पंचमीच्या कहाणीतील लेकीने माहेराला अमृत दिले; या लेकीने आपल्या माहेर-सासरच्या साऱ्या मुलखाला नाव दिले.

घरोघरीच्या बहिणाबाई

हे सारे वाचून बहिणाबाई ही एक अलौकिक व्यक्ती होती, असे म्हणून हात जोडावेत आणि मोकळे व्हावे, हे सोपे आहे. परंतु त्यांचे चरित्र आपल्याकडे एक निराळेच मागणे मागते. बहिणाबाईंची प्रतिभा असामान्य होतीच. त्यांचे आयुष्य मात्र त्या पिढीतील लक्षावधी बायकांसारखे होते. अशा बायका घरोघर होत्या. त्यांच्यापैकी कुणाला ओव्या स्फुरत, कुणी रांगोळीत नवी आकृती काढी, कुणी गोधडीच्या चौकटींत जुन्या साड्यांचे तुकडे असे जोडी की पाहात राहावे. एकीच्या हाताला कुरड्या-पापडाचे माप न सांगता कळे. दुसरीला सोयरिकीतले वितुष्ट एका वाक्यात मिटविता येई. त्या सगळ्या देत होत्या. घेणाऱ्यांनी मात्र त्याची नोंद ठेविली नाही.

काही थोरांनी हे काम केले आहे. साने गुरुजींनी बायकांच्या तोंडच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ सिद्ध केले. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संकलनाला आयुष्य वाहिले. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गावोगाव जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. एक लाख ओव्या! म्हणजे किती पहाटा, किती दळणे आणि किती न सांगितलेली दुःखे. पिठाची गिरणी आली आणि बाईच्या दंडावरचा एक भार उतरला, हे चांगलेच झाले. ते जाते परत यावे असे कुणीही म्हणणार नाही. पण दगडाबरोबर त्याभोवतीचे शब्दही कोपऱ्यात पडले, एवढेच दुःख.

विद्वानांनी केले ते त्यांच्या परीने. घरच्या माणसांनी करावयाचे ते मात्र कुठलीही संस्था करू शकत नाही. सोपानदेव आईजवळ बसले ते मुलगा म्हणून, संशोधक म्हणून नव्हे. आई काय म्हणते आहे, ते ऐकावेसे त्यांना वाटले, एवढी एकच गोष्ट या सगळ्या कीर्तीच्या मुळाशी आहे. बहिणाबाईंच्या मनगटाइतकेच सोपानदेवांच्या कानांचे आपल्यावर उपकार आहेत. देणारा कितीही उदार असला, तरी घेणाऱ्याने ओंजळ पुढे केली नाही तर देणे मातीतच जावयाचे.

आज पंचमीच्या निमित्ताने कित्येक घरांत लेकी आल्या असतील, नाती-पणत्या आल्या असतील. दिंडे खाऊन झाली, दुपार कलली, की घरातील सर्वांत थकलेली बाई एका कडेला भिंतीला पाठ टेकून बसलेली असेल. तिला झोका नको, मेंदी नको. आपल्याला कुणी काही विचारील, अशी तिची अपेक्षाही नाही. तिच्याजवळ जाऊन बसावे. आजी, तुमच्या वेळी पंचमीला काय म्हणत, एवढे विचारावे. पहिल्याने ती म्हणेल, आता काही आठवत नाही गं. मग एक ओळ आठवेल. ओळीमागून ओवी येईल, ओवीमागून तिच्या आईचे नाव येईल, तिच्या माहेरच्या विहिरीचे नाव येईल. शब्द समजला नाही तर पुन्हा विचारावा. तिच्या बोलीतला उच्चार सुधारू नये, जसा आहे तसाच लिहावा. वहीच्या पहिल्या पानावर तिचे नाव घालावे: सासरचे, माहेरचे आणि तिला लहानपणी घरात ज्या नावाने हाक मारीत तेही.